मानेवरचा काळेपणा घासून का जात नाही?

मंचर : ‘अंघोळ करताना मान नीट घासत जा,’ असे वयात आलेल्या मुलामुलींना घरोघरी ऐकवले जाते. वजरी, लिंबू, बेसन सगळे करून होते. काळेपणा मात्र हटत नाही, कारण अनेकदा तो मळ नसतोच.

हे नेमके काय?
मान, काख, जांघेतील त्वचा काळी, जाड आणि मखमली होते. सोबत बारीक चामखिळीही येतात. याला ‘अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स’ म्हणतात. हा संसर्ग नाही.

इन्सुलिनचा संबंध काय?
शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड ते जास्त तयार करते. हे जादा इन्सुलिन त्वचेच्या पेशींची वाढ वेगाने करते. रक्तातील साखर वाढण्याआधीच मान काळवंडू शकते. पीसीओएस असलेल्या मुलींमध्येही हे दिसते.

बारीक असलेल्यांना धोका नाही?
आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील ३.५ किलोची. तरीही वजनाच्या मानाने आपल्या बाळांत चरबी जास्त होती. म्हणून वजनकाट्यासोबत पोटाचा घेरही मोजावा.

उपचार काय?
आधी तपासणी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल, तर ती मधुमेहाची पूर्वपायरी. रोजचे चालणे, गोड व मैदा कमी करणे आणि वजन घटवणे हा मुख्य उपाय. गरजेनुसार डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा त्वचेसाठी रेटिनॉइड मलम देतात. फरक पडायला काही महिने लागतात. चिठ्ठीशिवाय घेतलेल्या स्टेरॉइड क्रीमने त्वचा पातळ होते, मूळ आजार तसाच राहतो. उतारवयात अचानक काळेपणा पसरला व वजनही घटले, तर तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

मग अडते कुठे?
आयसीएमआरच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, तर १३.६ कोटी लोक पूर्वपायरीवर. सरकारी मधुमेह तपासणी मात्र तिशीनंतर सुरू होते. मान त्याआधी कितीतरी वर्षे सांगत असते. ती पाहायला यंत्र लागत नाही, खर्चही नाही. शाळेतील आरोग्य तपासणीत दात-डोळ्यांबरोबर मानही पाहिली जावी आणि शंका असलेल्या मुलांना मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवले जावे. तोवर घरी एवढे तरी व्हावे : मुलांना टोमणे नकोत, तपासणी हवी.