वाजवणाऱ्यांची नावे

अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात येतात, याचा आम्हा तालुकावासीयांना अभिमान आहे. सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. दान कोणी दिले ते त्यावरून कळते. १८१९ मध्ये आलेल्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून ठेवले, तेही आपल्याला पाठ आहे. ती चित्रे ज्या हातांनी काढली, त्यांची नावे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांसाठी आता काही करता येणार नाही. पण ज्यांना जाऊन जेमतेम काही दशके झाली, अशा कलावंतांनाही आपण त्याच अंधारात ठेवले आहे. मी बोलतो आहे ते मुंबईत जाझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांविषयी.

जाझचा आणि सोयगावचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या वरातीपर्यंत येतो. जाझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर मिरवणुकीत आणि अंत्ययात्रेत वाजणाऱ्या ब्रास बँडच्या सोबतीने ते वाढले. धून ठरलेली असते, मग एकेक वादक ती आपल्या मनाने फुलवतो; आपला गवई बंदिशीचा मुखडा धरून विस्तार करतो, तसेच काहीसे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे हे संगीत आपलेसे केले ते गोव्याच्या तरुणांनी. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. ती विद्याच पुढे अनेकांच्या पोटापाण्याचे साधन झाली.

हळदोण्याचे अन्तोनियो झेवियर वाझ त्यांपैकीच एक. १९१६ चा जन्म. ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून देणारा हा माणूस ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतल्या रात्रींचा रंग उतरला आणि असे वादक सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे अधिकच वळले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, पुणतांब्याला जन्मलेले सी. रामचंद्र यांनी चिक यांना साथीला घेतले. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) तर चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. १९६७ मध्ये ते गेले. ‘अलबेला’ची गाणी अजून घराघरात आहेत, चिक यांचे नाव किती घरांत आहे?

संगीतकाराने चाल सांगावी. कुठे व्हायोलिनचा जथा, कुठे ट्रंपेटचा तुकडा, हे कागदावर मांडून प्रत्येक वादकापुढे ठेवायचे काम अरेंजरचे. शंकर-जयकिशन यांच्याकडे ते सेबॅस्टियन डिसोझा करीत. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त ते नाव गाण्यात घातले. गंमत अशी की, ते नाव देशभर झाले, पण अमिताभ बच्चन यांचे म्हणून!

काही जण म्हणतील, वादकाला कामाचा मोबदला मिळाला, मग नावाचा आग्रह कशाला? मोबदला हातांच्या कामाचा असतो. जाझमध्ये तर वाजवणारा त्या क्षणी स्वतःच रचत असतो. त्याचे श्रेय पैशात कसे फेडणार?

आता आपल्या वरातीकडे वळू. सिनेमातली ही गाणी आमच्या भागात गल्लोगल्ली पोचवली ती बँडवाल्यांनी. त्यांच्याकडे स्वरलिपीचा कागद नव्हता, चर्चची शाळा नव्हती. गाणे कानाने उचलायचे आणि क्लॅरोनेटवर, ट्रंपेटवर काढायचे. भर उन्हात, जाड कोट घालून. आज डीजेच्या भिंतींपुढे त्यांचे सूर ऐकूच येत नाहीत. डीजेत गाणे असते, गायकाचा आवाजही असतो. नसतो तो आपल्यासमोर घाम गाळून वाजवणारा माणूस. तो गेला की पुढच्या पोराने ट्रंपेट हातात घ्यावे तरी कोणाकडे बघून?

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या लग्नपत्रिकेत काय नसते? आजोबांपासून मावसकाकांपर्यंत सगळी नावे असतात. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिमुकलीही असते. त्याच पत्रिकेत खाली एक ओळ बँडमास्तरांची आणि त्यांच्या साथीदारांची छापा. त्या ओळीला जास्तीचा खर्च नाही. बँड ठरवायला जाल तेव्हा दराआधी त्यांची नावे विचारा. आणि घरात जुने गाणे लागले, की मुलांना गायकाबरोबर ट्रंपेट वाजवणाऱ्याचेही नाव सांगा. अजिंठ्याच्या चित्रकारांना विचारणारे त्यांच्या काळी कोणी भेटले नाही. आपल्या वादकांना आपण आहोत.