तांबेऱ्याशी कायमचा तह नाही

१९९८ साली युगांडातील एका संशोधन केंद्राच्या शेतात गव्हाच्या खोडांवर विटकरी फोड दिसू लागले. काळा तांबेरा हा गव्हाचा पुरातन शत्रू. त्यामुळे एरवी त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु हे फोड ज्या वाणांवर उठले होते, त्यांना हा रोग बाधत नाही अशी शास्त्रज्ञांची कित्येक वर्षांची खात्री होती. राय या धान्यातून गव्हात आणलेले ‘एसआर ३१’ हे एकच जनुक भारतासह अनेक देशांतील गव्हाचा भरवशाचा पहारेकरी होते. तांबेऱ्याच्या नव्या वंशाने तो पहारा मोडून काढला. ‘यूजी ९९’ या नावाने ओळखला गेलेला हा वंश केनिया, इथिओपिया आणि येमेन ओलांडून २००७ साली इराणमध्ये आढळला.

एक क्षुद्र बुरशी नवे सामर्थ्य आणते तरी कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. जनुकात अचानक घडणारा बदल हे त्याचे एक उत्तर होय. पण ते अपुरे आहे. तांबेऱ्याच्या पेशीत एक नव्हे तर दोन केंद्रके शेजारी शेजारी नांदत असतात. गव्हावर असेतोवर ती एकमेकांत मिसळत नाहीत. ती एकरूप होतात गव्हाचा हंगाम संपताना तयार होणाऱ्या काळ्या बीजाणूंमध्ये. हे बीजाणू रुजताना दोन्हींकडील जनुकांची वाटणी नव्याने होते आणि त्यातून निपजणारी पिढी बारबेरी या झुडपावर वाढून तेथेच नव्या जोड्या जुळविते. पत्ते तेच, पण प्रत्येक डावात हात निराळा पडावा, तसा हा प्रकार आहे. तांबेरा गव्हावरून बारबेरीवर आणि तेथून पुन्हा गव्हावर येतो, हे दे बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली सिद्ध केले. बारबेरीवर या बुरशीचे मीलन कसे घडते, हे कॅनडातील क्रेगी यांनी १९२७ साली दाखविले. त्यापूर्वीच, १९१८ पासून, अमेरिकेने ही झुडपे उपटून टाकण्याची मोहीम हाती घेतली होती. पुढे तेथे नवे वंश पूर्वीपेक्षा कमी उपजू लागले, हे या मोहिमेचे मोठे यश मानले पाहिजे.

मात्र बारबेरी नाही तेथे धोका नाही, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. ‘यूजी ९९’चा उगम शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधकांनी २०१९ साली जे प्रसिद्ध केले, ते डोळे उघडणारे आहे. या वंशाच्या दोन केंद्रकांपैकी एक, आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि ऑस्ट्रेलियात फार पूर्वीपासून वावरणाऱ्या एका जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळले. मीलन घडले असते तर जनुकांची सरमिसळ दिसली असती. येथे केंद्रक अखंडच आलेले होते. याचा अर्थ असा की, दोन वंशांच्या तंतूंची गाठ पडली आणि त्यांनी केंद्रकांचीच देवघेव केली. बारबेरीवाचूनही डाव नव्याने मांडता येतो, हे या बुरशीने दाखवून दिले.

भारताच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. प्रा. करमचंद मेहता यांनी आयुष्य वेचून असे दाखविले की, येथील मैदानी उन्हाळ्यात तांबेरा तग धरीत नाही. तो डोंगराळ भागात जगतो आणि हंगामात वाऱ्यावर स्वार होऊन खाली उतरतो. मध्य भारतातील गव्हाकडे काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी आणि पलनी टेकड्यांतून येतात. या रोगाने १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात केलेला विध्वंस प्रसिद्धच आहे. आपल्याकडे बारबेरीच्या जाती असूनही या रोगचक्रात त्यांचा वाटा नाही, हा मेहतांच्या संशोधनाने दिलेला दिलासा होता. तो खोटा ठरलेला नाही. पण आता तो पुरेसाही राहिलेला नाही.

खरा दोष बुरशीच्या चातुर्याइतकाच माणसाच्या आत्मसंतोषातही आहे. एक वाण यशस्वी झाले की तेच सर्वत्र पेरले जाते. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. अधिक उत्पन्न देणारे आणि बाजारात मिळणारे बियाणे तो घेणारच. परंतु बियाण्यांचे धोरण आखणाऱ्यांना ही सबब चालणार नाही. इथिओपियात ‘यूजी ९९’ला तोंड देणारे म्हणून ‘डिगालू’ हे वाण मोठ्या प्रमाणावर पेरले गेले. २०१३-१४ मध्ये तांबेऱ्याच्या दुसऱ्याच एका वंशाने त्याचा फडशा पाडला. एका शत्रूवर दृष्टी खिळवून बसणाऱ्याची पाठ उघडी पडते, ती अशी.

उपाय अज्ञात नाहीत. एकाच जनुकावर सारा भार न टाकता प्रत्येक वाणात अनेक प्रतिकारक जनुके एकत्र आणणे आणि एकाच वाणाखाली अफाट क्षेत्र जाऊ न देणे, ही दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. जुन्या वाणांचे जतन हे काही केवळ हौसेचे काम नव्हे. सातारा-सांगलीकडे आजही पिकणारा खपली गहू पाहावा. अमेरिकेतील स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी निवडलेल्या बारा गव्हांत त्याचा समावेश होता, आणि प्रतिकारक जनुकेही त्याच्यापासून मिळाली. भारतीय वाणे केनिया आणि इथिओपियात पेरून ‘यूजी ९९’समोर पारखण्याचा उपक्रमही असाच दूरदृष्टीचा आहे.

सर्वांत महत्त्वाची आहे ती अखंड टेहळणी. सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रात वर्षानुवर्षे रोगट पानांचे नमुने तपासून तांबेऱ्याचे वंश ओळखले जातात. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. रोगाची साथ आली नाही की, एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न विचारण्याचा मोह कारभाऱ्यांना होतो. पण साथ न येणे हे पुष्कळदा पहाऱ्याचेच फळ असते, त्याच्या निरर्थकतेचा पुरावा नव्हे. बुरशीला थांबणे ठाऊक नाही. मग तिच्यावर नजर ठेवणाऱ्यांना थांबविण्याची घाई आपण करावी, यात शहाणपण कोणते?