सर्व्हर डाऊन होता, याची साक्ष कोण देणार?

‘सर, सर्व्हर डाऊन आहे. रात्री अकरानंतर बघा.’ शिक्षकी पेशात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. मागे आमच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असाच राहिला. दोन रात्री मी आणि तिचे अब्बा मोबाईल घेऊन बसलो होतो. नंतर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘पोर्टल सुरूच होतं, तुमचं नेट गेलं असेल.’ पुरावा मागितला गेला आमच्याकडे. खरं तर तो त्यांच्याकडे असायला हवा होता.

माझा एक जुना विद्यार्थी सर्व्हर सांभाळायचं काम करतो. त्याने मला हे प्रकरण समजावून सांगितलं. आज बहुतेक पोर्टल स्वतंत्र संगणकावर चालत नाहीत. एका दणकट सर्व्हरचे सॉफ्टवेअरने भाग पाडून त्यावर दहा-वीस ‘व्हर्च्युअल मशीन’ चालवतात. प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत. पण प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळं सामाईक.

आपल्या शहरात, जिथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, हे समजायला जड नाही. इमारतीची टाकी एक आणि फ्लॅट वीस. तुमची तोटी ठणठणीत असेल, पण खालच्यांनी एकदम नळ सोडले तर तुमच्याकडे थेंबथेंबच येणार. तोटी तपासून काय कळणार? टाकीही बघावी लागते. व्हर्च्युअल मशीनचं तसंच आहे. आतून बघावं तर प्रोसेसरचा वापर चाळीस टक्केच दिसतो, तरी काम रखडलेलं असतं, कारण ते मशीन खऱ्या प्रोसेसरवर आपली पाळी येण्याची वाट बघत असतं. या ताटकळण्याला व्हीएमवेअरमध्ये ‘रेडी टाइम’ म्हणतात, लिनक्समध्ये ‘स्टील टाइम’. म्हणून मशीन आणि मूळ सर्व्हर, दोन्हींवर नजर हवी.

ही नजर ठेवणारी सॉफ्टवेअर आहेत. झॅबिक्स, नागिओस यांसारखी तर मोफत मिळतात. दर मिनिटाला प्रोसेसर, मेमरी, डिस्कला लागणारा वेळ यांची नोंद करतात, मर्यादा ओलांडली की इशारा देतात. एक सावधगिरी मात्र हवी. दिवसाची सरासरी बघून समाधान मानू नये. वर्गाची सरासरी साठ टक्के आली म्हणून नापास झालेलं पोर पास होत नाही. दिवसभर रिकामं असलेलं मशीन नेमक्या अकरा ते बारा गुदमरलेलं असू शकतं.

गर्दी अचानक येते, ही सबब पटणारी नाही. 16 जुलै 2021 रोजी दुपारी 1 वाजता दहावीचा निकाल लागणार, हे आधीच जाहीर झालेलं होतं. तरी संकेतस्थळं कोलमडली आणि मुलं तासन्‌तास ताटकळली. 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. 21 मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती, पोर्टल चाललं नाही आणि 26 मेपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. तांत्रिक कारण काहीही असो, दोन्ही वेळा गर्दीचा दिवस आणि तास ठाऊक होता.

तेव्हा ओरड राज्यभर झाली म्हणून तारखा पुढे गेल्या. पण छोट्या पोर्टलवर, एखाद्या मोहल्ल्यातल्या दोन-चार मुलांचे अर्ज अडकले तर कोण ऐकणार? त्यांच्याकडे ना वकील, ना वर्तमानपत्र. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही अब्बा कामावरून परतल्यावर हाती येतो, तिथे ‘रात्री अकरानंतर बघा’ म्हणजे झोप विकत मागणं आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी पोर्टलने आपल्या देखरेखीच्या नोंदी लोकांना दिसतील अशा ठेवाव्यात: कोणत्या तारखेला, किती वाजता, किती मिनिटं पोर्टल बंद किंवा मंद होतं. आणि जितके तास ते अडकलं, तितके तास मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी कोणाला अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत.

परीक्षेत पर्यवेक्षकामुळे दहा मिनिटं वाया गेली तर ती आपण मुलांना भरून देतो. सर्व्हरने खाल्लेला वेळही त्यांचाच आहे. तो किती होता, याची साक्ष सर्व्हरच देऊ शकतो. फक्त ती लपवून ठेवू नये.