सायकलीच्या पाठीवर वीजघर

बेळगावच्या भोवतालचा मुलूख चढउताराचा. पावसाळ्यात समोरून वारा आणि पाठीवर दप्तर अशा अवस्थेत खेड्यातून सायकलीने शाळेला येणे म्हणजे काय, हे आम्हांपैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे. काहींच्या घरी आता विजेवर चालणारी सायकल आली आहे. पण रात्री गावातील वीज गेली की सकाळी बॅटरी रिकामी! मग वीस-बावीस किलोंची ती सायकल नुसत्या पायांनी रेटणे साध्या सायकलीहूनही कष्टाचे होते. यावर आमच्या एका वर्गबंधूने उपाय सुचविला : पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र कॅरिअरवर बांधावे आणि वाटेतच बॅटरी भरीत जावी. सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु हसणे हे काही उत्तर नव्हे, असे मागाहून आम्हांस वाटले.

ही कल्पना मुळात वेडगळ नाही. फर्डिनांड पोर्श यांनी १९०० साली तयार केलेल्या एका मोटारीत पेट्रोलचे इंजिन जनित्र फिरवी आणि त्या विजेवर चाकांतील मोटरी चालत. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेली डिझेल इंजिनेही याच तत्त्वावरची होत. डिझेल जाळून वीज करावयाची आणि विजेने चाके फिरवावयाची. मग आगगाडीला जे साधते ते सायकलीला का साधू नये?

याचे पहिले कारण वजन. ते रेल्वेचे इंजिन सुमारे ११३ टनांचे असे. रुळांवर चाकांची पकड बसावी म्हणून त्याला भार हवाच असतो. सायकलीला मात्र प्रत्येक किलो चढावर वाहून न्यावा लागतो. एक हजार वॅटचे लहानात लहान जनित्रदेखील तेरा किलोंच्या आसपास भरते, पेट्रोल निराळेच. घोड्याच्या पाठीवर त्याच्याच चंदीची पोती लादण्याचा हा प्रकार.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. जनित्राची वीज २३० व्होल्टची. सायकलीच्या मोटरीला ३६ व्होल्टची लागते. म्हणून मध्ये चार्जर आला. सर्वसाधारण चार्जर बॅटरीत सुमारे ८४ वॅट भरतो, तर २५० वॅटची मोटर चढावर आपला सारा वाटा मागते. म्हणजे पाठीमागे जनित्र कितीही गर्जना करीत असले, तरी बॅटरी भरण्यापेक्षा रिकामीच अधिक वेगाने होणार!

शिवाय हजार वॅटच्या यंत्राकडून शंभर वॅटचे काम घेतले, तरी ते तासाला सुमारे पाव लिटर पेट्रोल पितेच. ३६० वॅट-तासांची एक बॅटरी भरण्यास साडेचार तास लागतात. म्हणजे लिटरभराहून अधिक पेट्रोल खर्ची पडले. पायडल मारीत गेल्यास त्या बॅटरीवर अंतर कापले जाईल सुमारे ३५ किलोमीटर. साधी मोटारसायकल तेवढ्याच पेट्रोलमध्ये याहून पुष्कळ लांब जाते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच. स्वाराच्या पाठीशी तापलेले यंत्र आणि पेट्रोलची वाफ यांचा धोका आणखी वेगळा.

मग वर्गबंधूची अडचण तशीच राहू द्यावी काय? मुळीच नाही. दोष जनित्राचा नसून त्याच्या जागेचा आहे, असे आमचे मत आहे. तेच जनित्र कॅरिअरवरून उतरवून जमिनीवर ठेवा. त्याच्यावर एकाच वेळी आठ बॅटऱ्या लावा. आता यंत्र जवळजवळ पूर्ण भाराने चालेल आणि तासाला सुमारे अर्धा लिटर घेईल. साडेचार तासांत आठ बॅटऱ्या भरतील आणि प्रत्येकीच्या वाट्याला पाव लिटरहून थोडे अधिक पेट्रोल येईल. एकट्याला जेवढे लागत होते, त्याचा हा चौथा हिस्सा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. जनित्र उघड्यावर, दारेखिडक्यांपासून दूर ठेवावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही; बंद खोलीत तो माणसाचा प्राण घेतो. आणि शाळेत वीज असेल त्या दिवशी जनित्राला हात लावण्याचेही कारण नाही. सायकलींच्या छपरीत, पावसापासून सुरक्षित अशा चार-आठ जोडण्या दिल्या, तर वर्ग सुटेपर्यंत बॅटऱ्या आपोआप भरतील.

शाळेच्या चालकांनी या सूचनेचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. जो भार एकट्याच्या पाठीवर हास्यास्पद ठरतो, तो आठ जणांनी वाटून घेतला की सोयीचा होतो. वर्गबंधूच्या कल्पनेला आम्ही हसलो. पण ती त्याने मांडली नसती, तर हा हिशेब आम्ही कधी केलाच नसता.