‘गिळता येतं ना?’ एवढं पुरेसं नाही



मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर घास अडकतो, पण ते आपोआप बरं होतं, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचं म्हणणं अर्धंच खरं आहे. समोरून छेद घेताना अन्ननलिका बाजूला ओढून धरावी लागते; त्याने येणारी सूज बहुधा ओसरते. पण राउंडवर ‘गिळता येतं ना?’ विचारलं, की आपले रुग्ण भिडेखातर ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा ईएटी-१० ही दहा प्रश्नांची प्रश्नावली बरी: ४० पैकी ३ गुण आले तरी पुढची तपासणी हवी. तीही शस्त्रक्रियेआधी एकदा भरून घ्यावी, नाहीतर तुलना कशाशी करणार? शिवाय ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. ते बेरियम देऊन केलेल्या व्हिडिओ एक्स-रेत किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीतूनच कळतं. आवाज बसला असेल, तर वाट पाहूच नये.

— एक स्पीच थेरपिस्ट, नाशिक