सुधारून वाढविलेली आवृत्ति

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘सुधारून वाढविलेली आवृत्ति’ हे शब्द छापले कीं घरांतली जुनी प्रत एकाएकीं चुकीची व अपुरी ठरते, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा समज आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकांनीं तो आपल्या अंगीं इतका मुरविला आहे कीं, जेथें ना परीक्षा ना परीक्षक, तेथेंही आपण नव्या आवृत्तीपुढें मुकाट्यानें थैली उघडतों. सांप्रत हुडकेश्वरासारख्या नागपूरच्या उपनगरांतल्या घरांपर्यंत एका खेळाच्या पुस्तकांचा असाच प्रश्न येऊन पोहोंचला आहे.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. चारपांच मंडळी मेजाभोंवतीं बसतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर अशीं सोंगें घेऊन त्यांतून वाट काढतात, आणि यशापयशाचा निकाल वीस बाजूंच्या फांशावर लागतो. ज्यांस हा पोरखेळ वाटत असेल त्यांनीं आकडेमोड, इंग्रजी वाचन व चारचौघांत बोलणें या तिन्ही गोष्टी एका बैठकींत शिकविणारा दुसरा खेळ दाखवावा. आम्ही तो आनंदानें पत्करूं.

याचे नियम तीन जाड पुस्तकांत ग्रथित आहेत : एक खेळाडूचें, एक सूत्रधाराचें, एक राक्षसांचें. २००० सालीं तिसरी आवृत्ति निघाली. तीनच वर्षांनीं तिची डागडुजी झाली. २००८ सालीं चवथी, २०१४ सालीं पांचवी. आणि सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या अवधींत त्या पांचवीचींच तिन्ही पुस्तकें नव्यानें लिहून बाजारांत आलीं. अमेरिकेंतील छापील किंमत प्रत्येकीं ४९.९९ डॉलर, म्हणजे तिहींचे दीडशें, व आपल्या चलनांत बारा हजारांहून अधिक. टपालखर्च निराळा. प्रकाशक म्हणतात कीं, जुनीं कथानकें नव्या नियमांनींही चालतील. जुनें नव्याशीं जुळतें तर नवें घेण्याची निकड कोणती? आणि जुळत नसेल, तर हें आश्वासन कशाचें?

पण पैसा हा या खर्चांतला लहान भाग होय. दहा वर्षें खेळलेल्या मंडळीस कोणता मंत्र किती अंतरावर पोहोंचतो, जखम किती विश्रांतीनें भरते, हें सारें तोंडपाठ असतें. एकानें नवें पुस्तक आणलें व चौघांजवळ जुनें राहिलें कीं एकाच मंत्राचे दोन अर्थ होतात, आणि कथेंत जावयाचा वेळ कलमांचा कीस काढण्यांत जातो. हुडकेश्वर मार्गावर आमच्या एका परिचिताच्या घरीं वर्गणीनें घेतलेला एकच संच पांचजणांत फिरतो. पानें सुटूं लागलीं तेव्हां मुलांनीं त्यास नवा पुठ्ठा बांधविला. अशा मुलांस ‘तुम्ही मागें राहिलां’ म्हणून हिणविणारे उत्साही मित्र आतां निघाले आहेत. त्यांच्या उत्साहाचें बिल मात्र वडिलांकडे जातें!

यावर कोणी म्हणेल, नियमांतले दोष तसेच ठेवावेत काय, आणि ग्रंथकारांनीं खावें काय? दोष अवश्य काढावेत. आपल्याकडे त्यासाठीं शुद्धिपत्र नांवाची स्वस्त सोय फार दिवसांची आहे. ग्रंथकारांनीं नवीं कथानकें लिहावींत. तीं आम्ही विकत घेऊं. नवी गोष्ट विकत घेणें निराळें व तेंच व्याकरण दुसऱ्यांदा विकत घेणें निराळें.

नियम बदलूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. देशी बुद्धिबळाचेंच पहा. त्यांत प्यादें आरंभींही एकच घर चाले आणि राजास किल्ला नसून एकदां घोड्याची उडी असे. त्याच नियमांत वाढलेल्या सुलतान खानानें परके नियम शिकून १९२९, १९३२ व १९३३ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. पुढें आंतरराष्ट्रीय नियम आपल्याकडेही रुळले. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला तो त्याच नियमांनीं. परंतु या स्थित्यंतरांत कोणाला जुना पट फेकावा लागला काय? चौसष्ट घरें तींच व बत्तीस मोहरीं तींच राहिलीं.

जुन्या आवृत्तीस चिकटणाऱ्यांचा खेळ मरतो, ही भीतिही पोकळ आहे. २००८ ची चवथी ज्यांना रुचली नाहीं त्यांच्यासाठीं पुढच्याच वर्षीं दुसऱ्या एका प्रकाशकानें आधींच्या नियमांवर ‘पाथफाइंडर’ हा खेळ उभा केला, आणि तो चांगला चालला.

ज्याची खरी भीति धरावी तें निराळेंच आहे. ऑगस्ट २०२४ मध्यें याच खेळाच्या संगणकावरील ग्रंथभांडारानें असें जाहीर केलें कीं, गिऱ्हाइकांनीं पूर्वीं पैसे देऊन घेतलेल्या नियमांतील मंत्र व जादूच्या वस्तु यांच्या जागीं त्यांच्या पात्रपत्रिकांत नवे पाठ घातले जातील. जगभर ओरड झाली, व कांहीं दिवसांतच तो बेत सोडावा लागला. ओरड झाली नसती तर? पुठ्ठा बांधलेल्या पुस्तकांतलें अक्षर बदलावयास प्रकाशकास हुडकेश्वरांत यावें लागेल; संगणकावरच्या प्रतीस तो बोटानें पुसूं शकतो.

तेव्हां पालकांनीं थैली उघडण्यापूर्वीं एवढें करावें. जानेवारी २०२३ मध्यें प्रकाशकांनीं जुना मुक्त परवाना मागें घेण्याचा घाट घातला होता. तो लोकक्षोभानें फसला, आणि त्या महिनाअखेर पांचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग कोणासही फुकट वापरतां येईल असा खुला झाला. नव्या नियमांचाही तसाच भाग एप्रिल २०२५ मध्यें खुला केला गेला आहे. तो उतरवून घ्यावा, हवीं तीं पानें छापून आणावींत, आणि मुलांनीं महिनाभर दोन्ही नियमांनीं खेळून पाहावें. त्यानंतर पांचहीजण एकमतानें नवें मागूं लागले, तर एक संच वर्गणीनें घ्यावा, आणि जुना शेजारच्या लहान मुलांस द्यावा.