कॉफीतले दूध कोणाचे?

आपल्या मुलखात कॉफी फारशी पिकत नाही. तिचे मळे कर्नाटकात, कोडगू-चिकमगळूरकडे. मग कापूस-ज्वारीवाल्यांच्या अंकात कॉफी कशाला, असे कोणी विचारील. उत्तर कपातच आहे. कॉफी मळेवाल्याची, पण तिला गोरी आणि दाट करणारे दूध आपले.

कोरी कॉफी कडू आणि तुरट. दुधातले केसिन हे प्रथिन तुरट द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून घोट मऊ लागतो. दाटपणा येतो तो स्निग्धांशाने. गाईच्या दुधात तो साधारण साडेतीन ते चार टक्के, म्हशीच्या दुधात सहा ते सात. आणि म्हैस खाते काय? ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप. एक क्विंटल कापूस जिनिंगला गेला की रुई निघते ३३ ते ३५ किलो. उरते ती बहुतेक सरकी. तिचे तेल गाळले की ढेप राहते. म्हणजे शहरातल्या कपात आपली दोन्ही पिके उतरतात.

आता या कपात तिसराच शिरला आहे. कचेऱ्यांतल्या मशिनांत पांढरी भुकटी असते. ती दोन प्रकारची. डेअरी व्हाइटनर ही दूध वाळवून, बहुधा साखर घालून केलेली भुकटी. दुसरी क्रीमर. नाव सायीचे, पण 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्ये साय नसते. असते ते ग्लुकोज सिरप, वनस्पती तेल आणि बहुधा थोडे केसिनचे क्षार. अमेरिकेत १९६१ साली कॉफी-मेट बाजारात आले ते याच जातीचे. अशा भुकटीत बरेचदा पामच्या जातीचे तेल असते आणि आपल्या देशात पामतेल येते ते मुख्यतः परदेशातून. त्या घोटात ना कडबा, ना सरकी.

यावर बंदी मागा, असे काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात राज्याबाहेर कापूस विकायची बंदी आपण भोगली आहे. आपल्या मालावरची बंदी जुलूम आणि दुसऱ्याच्या मालावरची न्याय, असे कसे म्हणता येईल? ज्याला स्वस्त भुकटी प्यायची त्याने खुशाल प्यावी. पण तेलाला दुधाचे सोंग नको. पाकिटावर घटक छापलेले असतात. मशिनसमोर कप धरणाऱ्याला पाकीट दिसत नाही. मशिनवरच ठळक पाटी हवी: दूध, दुधाची भुकटी की तेलाची भुकटी.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. म्हैस दावणीला, दूध डेअरीला आणि घरात कोरा चहा, हे चित्र किती घरांत आहे ते मायबहिणींनी सांगावे. पोराच्या पेल्यातले दूध विकूनही हाती काही उरत नसेल तर दोष म्हशीचा नाही, हिशेबाचा आहे. कडबा घरचा म्हणून फुकट, शेण काढणारे हात घरचे म्हणून फुकट, असे आपणच धरतो. मग डेअरीने तसे धरले तर नवल काय?

म्हणून पुढच्या बैठकीला येताना एका जनावराचा एका आठवड्याचा हिशेब लिहून आणा. कडबा बाजारभावाने धरा, ढेपेचे पैसे धरा, घरच्या बाईची मजुरी धरा आणि लिटरमागे खर्च काढा. तो आकडा हातात असल्याशिवाय भाव मागायला उभे राहू नका.